मुंबई विद्यापीठातील पॅट्रिक गेडिस

समाजशास्त्राचा अध्यापक म्हणजे ग्रंथालयात बसणारा मनुष्य, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असे माझ्याच्याने म्हणवत नाही. परंतु मुंबई विद्यापीठात हा विषय प्रथम आला तो शहराच्या गल्ल्यांतून आला. १९१९ साली विद्यापीठाने स्थापिलेल्या विभागाचे नावच मुळी ‘समाजशास्त्र व नागरिकशास्त्र’ असे होते. यातील दुसरे पद वाचून शाळेतील पाठांतराचा विषय वाचकांनी डोळ्यांपुढे आणू नये. नागरिकशास्त्र म्हणजे येथे शहराची पाहणी, त्याचे निदान आणि त्याची सुधारणा.

विभागाचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मनुष्य मोठा विलक्षण. एडिंबरोच्या जुन्या, मोडकळीस आलेल्या वस्तीत सपत्नीक बिऱ्हाड करून त्यांनी शेजारची घरे दुरुस्त करविली, आणि १८९२ साली जवळचाच एक मनोरा घेऊन तेथे शहराच्या अभ्यासाचे संग्रहालय मांडिले. १९१४ साली ते हिंदुस्थानास आले. मागून त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ ह्या जर्मन युद्धनौकेने बुडविले. दुसरा कोणी हताश होऊन परतला असता. गेडिसांनी नवे नकाशे व चित्रे जमवून १९१५ साली मद्रासेस प्रदर्शन भरविलेच.

त्या काळी शहरसुधारणा म्हणजे पाडापाड असे समीकरण होऊन बसले होते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला व १८९८ साली सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढावयाचे, आणि उठविलेल्या माणसांनी शेजारच्या आळीत आणखी दाटी करावयाची, असा तो प्रकार. गेडिसांचे म्हणणे असे की, आधी निदान, मग उपचार. एखादे पडके घर काढून मोकळा चौक करा, विहीर साफ करा, झाड लावा. पण आळी राहू द्या.

हे नुसते व्याख्यान नव्हते. होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूकच हाती घेतली. ज्या रस्त्यावरील घरे अधिक स्वच्छ, त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मग काय, घरोघर झाडलोट व रंगसफेदी सुरू झाली! मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि शेवटी त्याचे दहन झाले. परक्या देशातील ह्या पंडिताला आमच्या सणाची शक्ती जितकी कळली तितकी आमच्या सुशिक्षितांस कळली नव्हती, हे थोडे लाजिरवाणेच. १९१८ च्या इंदूर अहवालात त्यांनी विद्यापीठाचाही विचार केला आहे, आणि शहर व विद्यापीठ ही त्यांस वेगळी वाटतच नाहीत.

मुंबईत मात्र त्यांस स्थैर्य लाभले नाही. जेरुसलेमच्या नव्या विद्यापीठाचा आराखडा व इतर कामे चालूच होती. प्रकृती ढासळली, आणि १९२४ साली ते येथून गेले. एका माणसाच्या उत्साहावर उभारलेल्या कार्याचे जे व्हावयाचे तेच झाले. त्यांच्या जागी आले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचे. मुंबई हे नागरी केंद्र ह्याच विषयावर निबंध लिहून त्यांनी गेडिसांची मर्जी संपादन केली होती व विलायतेची शिष्यवृत्ती मिळविली होती. पण केंब्रिजहून परतलेले घुर्ये जातिसंस्थेकडे व संस्कृत ग्रंथांकडे वळले. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे, श्रीनिवास ह्यांच्यासारखे विद्वान तयार झाले. तेव्हा विभागाची हानी झाली असे कोण म्हणेल? हानी झाली ती शहराची. गिरणगावाच्या चाळी भरत होत्या त्याच वर्षांत विद्यापीठाचा हा हात तेथून निघून गेला.

पुढे पाहण्या झाल्या, नाही असे नाही. पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगिळांनी घरोघर माहिती घेवविली, व त्या पाहणीचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांची शहराविषयीची पाहणी १९६३ ची. स्वतः घुर्ये ह्यांनीही १९६२ साली नगरे व संस्कृती ह्यांवर ग्रंथ लिहिला. तोवर त्यांच्या त्या पहिल्या निबंधास चाळीसांहून अधिक वर्षे लोटली होती.