हरत्या संघाचे धनी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी, की हा कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा वेतनकरारावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलेल. मी विषय कळविला तो कॅनडातल्या फुटबॉलचा, आणि त्यातूनही हरणाऱ्या संघांचा. चिटणिसांनी पुन्हा फोन करून विचारले, "नक्की हाच विषय ना?" म्हणून आरंभीच खुलासा करतो. मी खेळाडू नव्हे. कॅनडा मी पाहिलेला नाही. शाळा दहावीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने आणि आपल्या सार्वजनिक वाचनालयाने केले. पण माझा भाचा नोकरीनिमित्त कॅनडातल्या रिजायना या शहरी असतो. तेथे गेल्यावर वर्षभराने त्याने मला एक छायाचित्र पाठविले. क्रीडांगणाच्या पायऱ्यांवर तो उभा आहे आणि डोक्यावर अर्धे कोरलेले कलिंगड शिरस्त्राणासारखे घातले आहे. खाली लिहिले होते, "मामा, आज आम्ही पुन्हा हरलो."

कलिंगडाचे मला नवल वाटले नाही. उत्सवात माणूस काय करील याचा नेम नाही. मला नवल वाटले ते 'आम्ही' या शब्दाचे. पोरगा तेथे जेमतेम वर्षभर राहिलेला, आणि हरलेल्या संघाला 'आम्ही' म्हणतो! हा 'आम्ही' कोठून येतो, याचा शोध करीत गेलो. त्या शोधात दोन संघांची जी हकीगत हाती लागली, ती आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. कॅनडात ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा, पायाने चेंडू मारीत नेण्याचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात धरून किंवा फेकून पुढे न्यावयाचा आणि प्रतिपक्षाने अंगावर धावून जाऊन तो अडवावयाचा, असा हा धसमुसळा खेळ आहे. अमेरिकेतल्या खेळाचाच हा भाऊ; पण कॅनडात प्रत्येक बाजूला बारा खेळाडू असतात, मैदान ११० यार्डांचे असते, आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी अमेरिकेत चार संधी मिळतात तेथे कॅनडात तीनच. या खेळाचे सर्वोच्च पारितोषिक म्हणजे ग्रे चषक. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी तो १९०९ साली दिला. अंतिम सामना बहुधा पूर्व विरुद्ध पश्चिम असा होत आला आहे.

आता गंमत अशी, की आठ-नऊ संघांच्या या लीगमध्ये कित्येक वर्षे दोन संघांचे नाव जवळजवळ एकच होते. राजधानी ऑटावाचे 'रफ रायडर्स', आणि पश्चिमेकडील सस्कॅचवान प्रांताचे 'रफरायडर्स'. पहिला १८७६ साली स्थापन झालेला. दुसरा १९१० साली रिजायना रग्बी क्लब म्हणून जन्मलेला. नाव एक, पण घर वेगळे. ऑटावा म्हणजे संसद, मंत्रालये, कचेऱ्या. सस्कॅचवान म्हणजे गव्हाचा प्रांत. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, आणि लोकसंख्या आजही बारा-तेरा लाख. गहू येथे पिकवावयाचा आणि त्याच्या बाजाराचे व रेल्वेच्या भाड्याचे निर्णय पूर्वेकडील लोकांनी घ्यावयाचे, ही या प्रांताची जुनी तक्रार. त्या तक्रारीतूनच १९२४ साली शेतकऱ्यांनी आपली सहकारी गहू संस्था उभी केली. आमच्या चळवळीच्या दृष्टीने रिजायनाचे स्थान आणखी एका कारणाने मोठे आहे. १९३५ साली सरकारी छावण्यांतले बेकार कामगार मालगाड्यांच्या टपांवर बसून ऑटावाला गाऱ्हाणे मांडण्यास निघाले. त्यांना रिजायनातच अडविण्यात आले, आणि १ जुलैला पोलिसांनी त्यांच्या सभेवर चाल केली. तेव्हा रिजायनाच्या माणसाला ऑटावाकडून हार खाणे हे नुसते खेळातले हरणे वाटत नसेल, तर त्यात त्याचा फारसा दोष नाही.

हार त्यांनी खाल्लीही पुष्कळ. १९२८ ते १९३२ सलग पाच वर्षे रिजायनाचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाचही वेळा हरला. पहिला ग्रे चषक मिळाला तो १९६६ साली, आणि तो ऑटावालाच २९-१४ असे हरवून. त्या संघाचा सूत्रधार होता रॉन लँकेस्टर. हा मूळचा ऑटावाचाच खेळाडू. १९६३ मध्ये ऑटावाने त्याला सस्कॅचवानकडे धाडून दिले होते. तीन वर्षांनी त्याने त्याचे उत्तर दिले.

ही दोन नावबंधू मंडळे पुन्हा १९७६ च्या अंतिम सामन्यात टोरांटो येथे समोरासमोर आली. सस्कॅचवान २०-१६ असे पुढे होते. अवघी वीस सेकंदे उरली असता ऑटावाच्या टॉम क्लेमेंट्सने चेंडू फेकला आणि टोनी गेब्रिअलने तो अंतिम रेषेपलीकडे झेलला. ऑटावा २३, सस्कॅचवान २०.

येथून पुढे आपली खरी गोष्ट सुरू होते. कारण त्या दिवसानंतर जेता आणि पराजित, दोघांचाही उतार सुरू झाला. १९७७ ते १९८७ अशी सलग अकरा वर्षे सस्कॅचवानला बाद फेरीचे तोंड दिसले नाही. १९७९ आणि १९८० या दोन्ही मोसमांत सोळांपैकी दोन सामने जिंकले, चौदा हरले. ऑटावाची अवस्था काही वेगळी नव्हती. १९७९ नंतर एकाही मोसमात त्यांनी हरलेल्या सामन्यांहून अधिक सामने जिंकले नाहीत. १९८१ साली नशिबाने ते अंतिम सामन्यात पोहोचले. मध्यंतरापर्यंत बलाढ्य एडमंटनविरुद्ध २०-१ असे पुढे राहिले, आणि शेवटी २६-२३ असे हरले. १९८८ मध्ये अठरांपैकी दोन सामने जिंकले.

दोघेही सारखेच बुडालेले. पण १९९६ साली ऑटावाचा एकशेवीस वर्षांचा संघ कायमचा बंद झाला, आणि सस्कॅचवानचा आजही उभा आहे. एवढेच नव्हे, तर १९८९, २००७, २०१३ आणि २०२५ असे आणखी चार वेळा त्याने ग्रे चषक नेला आहे. हे असे का झाले?

सस्कॅचवानचे प्रेक्षक अधिक सहनशील होते, असे उत्तर कोणी देईल. ते खरे नाही. त्यांच्या रागाचा एक प्रसंग सांगतो. ज्या लँकेस्टरने त्यांना पहिला चषक मिळवून दिला, त्याचे खेळाडू म्हणून १९७८ हे शेवटचे वर्ष. शरीर थकलेले, संघ हरत असलेला. रिजायनाच्या मैदानावरील त्याच्या अखेरच्या सामन्यात घरच्या प्रेक्षकांनीच त्याची हुर्यो उडविली. पुढचा सामना एडमंटनला, परक्या मैदानावर. तेथे तो मैदानात उतरला तेव्हा प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांनी त्याचे स्वागत केले. आपल्यांनी धिक्कारावे आणि परक्यांनी गौरवावे!

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. कारण अशा हुर्योत मी स्वतः सामील झालेलो आहे. तिशीत असताना आमच्या कारखान्यात एक करार झाला. पदरात फारसे पडले नव्हते. सर्वसाधारण सभेत आमचे वृद्ध अध्यक्ष खुलासा करावयास उभे राहिले, तर आम्ही "खाली बसा, खाली बसा" असा ओरडा करून त्यांना बोलू दिले नाही. त्या ओरडणाऱ्यांत पहिल्या रांगेत मी होतो. पुढील निवडणुकीत त्यांच्या जागी मी आलो, आणि तीन वर्षांनी तसाच अपुरा करार माझ्या हातून झाला. मी घाबरत सभेत गेलो. कोणी काही बोलले नाही. मला वाटले, लोक समजूतदार झाले! दुसऱ्या दिवशी जुन्या अध्यक्षांना मोठ्या समाधानाने हे सांगितले. त्यांनी विचारले, "शिव्या पडल्या का रे?" मी म्हटले, "एकही नाही, अण्णा." ते म्हणाले, "मग तुझे कठीण आहे." सहा महिन्यांत वर्गणीची पावतीपुस्तके कोरी राहू लागली. द्वारसभेला ऐंशी माणसे यावयाची तेथे बारा येऊ लागली. भांडणारा सभासद निघून जात नाही. जाणारा आधी गप्प होतो, हे मला तेव्हा कळले.

आता याच दृष्टीने त्या दोन संघांकडे पाहा. सस्कॅचवानचा संघ कोणा एका शेटचा नाही. तो ना-नफा तत्त्वावर चालणारा, लोकांच्या मालकीचा क्लब आहे. त्याचे हिशेब लोकांपुढे येतात, आणि त्याच्या मंडळावरची माणसे गावातच राहणारी असतात. पुढे २००४ पासून त्याने भागही विकले. त्यांवर लाभांश मिळत नाही, तरीही लोकांनी ते घेतले. अशा संघाच्या प्रेक्षकाला राग आला, तर राग कोठे न्यावयाचा हे ठाऊक असते. आणि त्याच्या रागाला एक उलट प्रश्नही विचारता येतो: "बरे, मग तू काय करतोस?" १९७९ साली संघ पहिले बारा सामने ओळीने हरला, तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला. 'रायडर प्राइड', म्हणजे रायडर्सचा अभिमान, या नावाने मोहीम निघाली. गावोगाव तिकिटे खपविण्यात आली, मैदान भरले, आणि त्या भरल्या मैदानावर बारा वेळा हरलेल्या संघाने त्या काळच्या अजिंक्य एडमंटनला हरविले. १९८७ मध्ये पैशाची तंगी आली, तेव्हा दूरचित्रवाणीवरून लोकांकडे मदत मागण्यात आली. १९९७ मध्ये पुन्हा तीच वेळ आली, आणि दोन लाख तिकिटे खपविण्याचा संकल्प सोडण्यात आला. ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांनीच तिकिटे घेतली. १९८९ चा अंतिम सामना डेव्ह रिजवेच्या लाथेने, दोन सेकंदे उरली असता, ४३-४० असा जिंकला. त्या तीन गुणांमागे अकरा वर्षांची ही वर्गणी होती.

ऑटावात काय झाले? तेथे संघाचे मालक बदलत गेले. आधी एक प्रसारण कंपनी, मग स्थानिक व्यावसायिकांचा गट. १९९१ मध्ये त्या गटाचे संचालक पायउतार झाले आणि काही काळ लीगलाच संघ चालवावा लागला. नंतर डेट्रॉइटचे पितापुत्र आले, त्यांच्यामागून ऑटावाचा एक उद्योजक, आणि शेवटी शिकागोचा एक व्यावसायिक. १९९५ साली लास व्हेगसचा बंद पडलेला संघ वाटून घेताना ऑटावाने असा एक खेळाडू निवडला, की जो काही महिन्यांपूर्वीच मरण पावलेला होता! आपण ज्याला घेत आहोत तो जिवंत आहे की नाही, याची चौकशी करावयास संघात कोणी उरले नव्हते. १९९५ आणि १९९६, दोन्ही वर्षी अठरांपैकी तीनच सामने जिंकले. आरंभी प्रेक्षक चिडले असतील. पण चिडून सांगावयाचे कोणाला? शिकागोला? राग पोहोचविण्यास जागा नसली की माणूस घरी बसतो. ऑटावाचे लोक घरी बसले.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रिजायनात मोठ्या दर्जाचा दुसरा व्यावसायिक संघच नाही. ऑटावात १९९२ पासून हॉकीचा राष्ट्रीय लीगमधला संघ आला आणि प्रेक्षक वाटले गेले. राजधानीत नोकरीसाठी बाहेरून आलेला माणूस आपल्या मूळ गावच्या संघाचा अभिमानी असतो. आणि नुसती स्थानिक मालकी पुरत नाही, हे ऑटावाच्या व्यावसायिकांच्या गटानेच दाखविले. मालक गावातला असणे वेगळे आणि गाव मालक असणे वेगळे. ऑटावाची माणसे थंड होती, असेही कोणी समजू नये. २०१४ मध्ये तेथे 'रेडब्लॅक्स' हा नवा संघ उभा राहिला आणि २०१६ साली त्याने ग्रे चषक जिंकला. म्हणजे प्रेम मेलेले नव्हते. त्याला बसावयास जागा नव्हती.

लँकेस्टरची गोष्ट अर्धीच राहिली. ज्या गावाने त्याची हुर्यो उडविली, त्याच गावच्या संघाचे प्रशिक्षकपद त्याने पुढच्याच वर्षी स्वीकारले. सोळांत दोन, पुन्हा सोळांत दोन, ही ती दोन वर्षे त्याचीच. म्हणजे शिव्या खावयास तो पुन्हा हजर झाला. २००८ साली तो वारला. आज सस्कॅचवानच्या फुटबॉलचा इतिहास त्याचे नाव घेतल्यावाचून सांगता येत नाही. आमच्या अण्णांची क्षमा मागावयाची मात्र माझ्याकडून राहूनच गेली. ती आज या व्यासपीठावरून मागतो.

सहकारी संस्था, वाचनालये, युनियन, ही व्याख्यानमालासुद्धा, आपण चालवितो. त्यांच्या सभेत कोणी तावातावाने उठून बोलू लागला, की आपण घड्याळ पाहतो. यापुढे अशा वेळी एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे पाहावे, एवढीच विनंती आहे. भाच्याला मी उत्तर लिहिले ते असे: "हरलात ते कळले. रागावलास हे चांगले झाले. पुढच्या सामन्याचे तिकीट घेतलेस का?"

त्याचे उत्तर त्याच रात्री आले. घेतले होते.