रॉबर्ट रिच कोण?

२७ मार्च १९५७. ऑस्करचा सोहळा. ‘द ब्रेव्ह वन’ला सर्वोत्कृष्ट कथेचं पारितोषिक जाहीर झालं आणि लेखकाचं नाव पुकारलं गेलं, रॉबर्ट रिच. मंचावर तो आलाच नाही. बायको बाळंत होतेय म्हणून येऊ शकला नाही, असं सांगत लेखक संघटनेच्या जेसी लास्की ज्युनियर यांनी बाहुली स्वीकारली. मग पत्रकार शोधायला लागले, तर या लेखकाला ओळखणारं कुणी सापडेना. नाव निर्माते किंग बंधूंच्या भाच्याचं होतं. गोष्ट डाल्टन ट्रम्बोची होती.

ट्रम्बोचा जन्म १९०५चा, कोलोरॅडोतला. तरुणपणी लॉस एंजेलिसच्या एका बेकरीत त्याने वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. मग वॉर्नर स्टुडिओत कथा वाचून त्यांचा गोषवारा काढायची नोकरी मिळाली. तिथून तो पटकथेकडे वळला. ‘किटी फॉइल’साठी (१९४०) ऑस्कर नामांकन मिळालं. पुढे एमजीएमच्या करारात एका पटकथेचे ७५,००० डॉलर ठरले. हॉलिवूडच्या सर्वांत महागड्या लेखकांत त्याची गणना होऊ लागली.

ऑक्टोबर १९४७मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने त्याला विचारलं, तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा होतात का? तो सभासद झालेला होता. पण हा प्रश्न विचारायचा अधिकारच समितीला नाही, अशी भूमिका घेऊन तो आणि आणखी नऊ जण उत्तर द्यायला नकार देत राहिले. पुढच्याच महिन्यात स्टुडिओमालकांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात बैठक घेऊन या दहा जणांना काम द्यायचं नाही असं ठरवलं. संसदेच्या अवमानाबद्दल १९५०मध्ये ट्रम्बो तुरुंगात गेला.

पण स्टुडिओ म्हणजे कारखाना. त्याला गोष्टी लागतातच. म्हणून चोरबाजार सुरू झाला. ‘गन क्रेझी’ ट्रम्बोने ३,७५० डॉलरला लिहिला आणि पडद्यावर नाव आलं मिलार्ड कॉफमनचं. ‘रोमन हॉलिडे’ची (१९५३) कथा त्याने मित्र इयान मक्लेलन हंटरच्या नावाने विकली. ती राजकन्या आणि तो पत्रकार जगभर गाजले. कथेचं ऑस्कर हंटरला मिळालं. पुढे हंटरचंही नाव काळ्या यादीत गेलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. पाच वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाचं नावही तिथे तसंच राहतं. ट्रम्बोच्या बाबतीत बरोबर उलटं झालं. माणूस घरी बसून काम करत होता, नाव तेवढं पुसलं होतं. बंदी नावावर होती. कामावर कुणाचा आक्षेप नव्हता, स्वस्तात मिळत होतं तोवर तर नाहीच.

ट्रम्बोने याच ढोंगाचं हत्यार केलं. रिच तूच का, असं पत्रकार विचारायचे. तो हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. मग प्रत्येक चांगल्या पटकथेमागे तोच असेल अशी शंका येऊ लागली. जानेवारी १९५९मध्ये अकादमीने काळ्या यादीतल्यांना ऑस्कर नाकारणारा नियम मागे घेतला. त्यानंतर रिच आपणच, असं त्याने जाहीर केलं. १९६०मध्ये ओटो प्रेमिंजरच्या ‘एक्झोडस’वर आणि कर्क डग्लसच्या ‘स्पार्टाकस’वर पुन्हा त्याचं खरं नाव झळकलं.

१९७०च्या एका भाषणात तो म्हणाला की त्या काळात नायक-खलनायक शोधू नका, सगळे बळीच होते. त्याच्याबरोबर तुरुंगात गेलेल्या अल्बर्ट माल्ट्झला हे मुळीच पटलं नाही. साक्ष देऊन मित्रांना बुडवणारे आणि गप्प राहून बुडालेले एकाच मापाचे कसे? मला माल्ट्झचं म्हणणं पटतं. पण ट्रम्बोला हिशेब मिटवायचा होता, हेही समजतं.

‘द ब्रेव्ह वन’ची बाहुली त्याच्या हातात आली १९७५मध्ये. पुढच्या वर्षी तो गेला. ‘रोमन हॉलिडे’चं ऑस्कर १९९३मध्ये त्याची पत्नी क्लिओने घेतलं. त्या चित्रपटाचं लेखनश्रेय मात्र लेखक संघटनेने २०११ साली दुरुस्त केलं. त्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत ट्रम्बोचा मुलगा होता आणि हंटरचाही. बापाने मित्रासाठी वापरू दिलेलं नाव मुलाने तिथून काढून घेतलं आणि जागा मूळ मालकाला परत केली.