लोकप्रियता व संगणकसुरक्षा

एखाद्या कंपनीचा संगणक फार खपतो म्हणून त्यावर हल्ले जास्त होतात का, हा संगणकसुरक्षेतील जुना वाद. यात आधी एक पाहिले पाहिजे : हॅकरला खोक्यावरच्या नावाशी सहसा कर्तव्य नसते. एचपी असो वा डेल, आत विंडोज असेल तर एकच व्हायरस दोन्हींवर चालतो. खप मोजायचा तो कार्यप्रणालीचा.

व्हायरस गर्दीच्या मागे जातात, याला इतिहासाचा आधार आहे. घरगुती संगणकांत पसरलेल्या पहिल्या व्हायरसांपैकी एल्क क्लोनर (१९८२) हा त्या काळी लोकप्रिय असलेल्या ॲपल टूवरचा. पुढे डॉसवर चालणारे पीसी सर्वत्र झाले आणि व्हायरसही तिकडे वळले. पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या व्यवसायात असे बाधित संगणक येत. बंधू संजय यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधूनच १९९०च्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभे राहिले.

मात्र एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. २००१ साली वेबसर्व्हरांत अपाचीचा वापर सर्वाधिक होता. तरी ‘कोड रेड’ या घातक प्रोग्रॅमने साडेतीन लाखांच्या आसपास सर्व्हर पकडले ते मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसचे. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक बाधित केले. त्यात वापरलेली जावामधील त्रुटी विंडोजसाठी फेब्रुवारीतच दुरुस्त झाली होती, मॅकसाठी दुरुस्ती एप्रिलमध्ये आली. संख्येने कमी असणे हे संरक्षण नव्हे, हे या प्रकरणाने उघड केले.

महाराष्ट्राला अशा हल्ल्याचा मोठा फटका बसला तो २७ जून २०१७ रोजी. ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरात या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. त्याने वापरलेल्या विंडोजच्या त्रुटीवरचा उपाय मार्चमध्येच निघाला होता. पण नॉटपेट्या एका संगणकातून पासवर्ड चोरून शेजारच्या अपडेट केलेल्या संगणकांतही घुसे. सगळीकडे एकच प्रणाली, एकमेकांना जोडलेली. त्यामुळे अडवायला मध्ये काही उरलेच नाही. मर्स्कला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. धोका नुसत्या लोकप्रियतेत नव्हता, या एकसुरी जोडणीत होता. लोकप्रियतेवर बोट ठेवून थांबणारे विश्लेषण म्हणूनच अपुरे आहे.

मोबाइलवर खप आणि प्रणालीची रचना ही दोन्ही कारणे एकत्र दिसतात. भारतात दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे. लग्नपत्रिका किंवा आरटीओचे चलन म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या बनावट एपीके फाइली याच गर्दीसाठी बनतात. त्या फोनमध्ये शिरतात मात्र अँड्रॉइड प्ले स्टोअरबाहेरचे ॲप बसवण्याची मुभा देते म्हणून, आणि ती परवानगी फोनचा मालक स्वतः बटण दाबून देतो.