दिजाँची वाळू आणि संगणकाचा कौल

१/ १८५६. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथाच्या परिशिष्टात आंरी दार्सी यांनी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम नोंदवला.

२/ त्याला उष्णतेची जोड देऊन हॉर्टन-रॉजर्स (१९४५) व लॅपवुड (१९४८) यांनी दाखवले की, खालून तापलेल्या सच्छिद्र थरात अभिसरण लगेच सुरू होत नाही. त्यासाठी रेले अंकाने सुमारे ३९.५ ही मर्यादा ओलांडावी लागते.

३/ १९६७ मध्ये जॉन एल्डर यांनी हे अभिसरण संगणकावर मांडले आणि प्रयोगाशी ताडून पाहिले.

४/ पुढे उष्णतेच्या जागी मीठ घेऊन हेच उदाहरण भूजल-प्रणालींची कसोटी ठरले. मात्र गणनेची जाळी विरळ की सूक्ष्म, यावर मधला प्रवाह वर की खाली हेच बदलू लागले! समीकरणांनाच एकाहून अधिक उत्तरे आहेत, हे नंतर उमगले.

५/ तेव्हा मित्रहो, संगणकाचा कौलही ऐतिहासिक साधनासारखाच चिकित्सेने वाचावा.