पंगतीतले बारावे पान

माझ्यापाशी एक जुनी पाठकोरी वही आहे. १९८० साली मी पुण्यास महाविद्यालयात शिकत होतो, संध्याकाळी सिमेंटच्या मैदानावर बास्केटबॉल खेळत होतो आणि वृत्तपत्रांत या खेळाचे जे काही निकाल येत, ते या वहीत उतरवून ठेवीत होतो. त्या वर्षीच्या जुलैत मॉस्को येथील ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुषांचा संघ या खेळात प्रथमच उतरला. २९ जुलैला आपल्या हॉकी संघाने स्पेनला ४-३ असे हरवून सुवर्णपदक मिळविले आणि आमच्या वाड्यात पेढे वाटले गेले. बास्केटबॉलला मात्र वृत्तपत्राच्या कोपऱ्यातल्या दोन ओळींवर समाधान मानावे लागले. त्या दोन ओळी मी मोठ्या उत्साहाने काकांना वाचून दाखविल्या, तेव्हा ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अरे, बोलावलेले पाहुणे रुसले म्हणून शेजारच्याला पानावर बसवला. त्यात एवढे मिरवायचे ते काय?"

काका खोटे बोलले नव्हते, आणि म्हणूनच ते वाक्य मला लागले. एखाद्या देशाच्या संघाला जगाच्या पंगतीत पान मिळते ते कसे, ते कोण मांडतो, याचा शोध घेण्याचा नाद मला तेव्हापासून जडला.

या खेळाचा जन्म १८९१ च्या डिसेंबरातला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचा शिक्षक होता. थंडीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घरात कोंडून घेऊन काय खेळवावे या विवंचनेतून त्याने फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. वायएमसीएची माणसे जेथे गेली तेथे हा खेळ गेला; हिंदुस्थानातही तो त्यांनीच आणला. १९३२ साली जिनीव्हा येथे आठ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि चारच वर्षांनी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, या खेळाला मानाचे स्थान मिळाले.

बर्लिनची पंगत म्हणजे मुक्तद्वार भोजनच होते. पात्रता फेरी वगैरे काही नव्हती. २१ संघ खेळले. आशियातून चीन, जपान आणि फिलिपाईन्स आले होते, आणि फिलिपाईन्सने चक्क पाचवा क्रमांक पटकावला. सामने उघड्यावर, माती आणि वाळूच्या टेनिस-मैदानांवर झाले. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला. चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले. आजच्या खेळात एवढे गुण पहिल्या काही मिनिटांतच होतात! म्हातारा नेस्मिथ तेथे हजर होता. त्याचा जन्म कॅनडातला आणि खेळाचा जन्म अमेरिकेतला, तेव्हा त्या दिवशी त्याने कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच होता.

१९४८ साली लंडनलाही दार उघडेच होते. तेथे २३ संघ आले. त्यांत इराकचा संघ होता. कोरियाने त्याला १२०-२० असे हरविले आणि चीनने १२५-२५ असे. शंभर गुणांचा फरक, आणि तोही दोनदा! पुढच्या वेळी महासंघाने दाराशी माणूस बसविला. इराकचे हे दोन निकाल पाहूनच तसे ठरले असा दावा मी करणार नाही. पण ज्यांनी नियम लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर ते आकडे नसतील असेही मला वाटत नाही.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी सोळा पाने ठरली. त्यांतली दहा आधीच मांडून झाली होती: लंडनचे पहिले सहा, १९५० च्या पहिल्या जागतिक स्पर्धेचा विजेता अर्जेंटिना, युरोपच्या स्पर्धेतील पहिले दोन आणि यजमान फिनलंड. उरली सहा. त्यांच्यासाठी तेरा संघ हेलसिंकीलाच जमले. दोनदा हरला की बाहेर, असा नियम. म्हणजे बोटीने वा विमानाने हजारो मैल यावे, दोन सामने हरावे, आणि मुख्य स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच सामान बांधावे. ऑलिंपिकच्या गावात राहून ऑलिंपिक न खेळलेल्या त्या सात संघांची आठवण कोण ठेवतो?

पुढे नियम पुष्कळदा बदलले, पण त्यांच्या मुळाशी असलेले भांडण तेच राहिले. केवळ उत्तम संघच घ्यावयाचे म्हटले, तर युरोप आणि अमेरिका मिळून जवळजवळ सगळी पाने अडवतील. साऱ्या जगाला बसवावयाचे म्हटले, तर शंभर-शंभर गुणांचे पराभव पाहावे लागतील. म्हणून खंडागणिक वाटे पडले. आशियाच्या विजेत्याला एक पान. मग तो युरोपातल्या आठव्या संघापेक्षा दुबळा का असेना. याला कोणी अन्याय म्हणतात. मी म्हणत नाही. खेळ जगाचा करावयाचा असेल, तर जगाला थोडे झुकते माप द्यावेच लागते.

मॉस्कोच्या वेळी पाने बाराच होती. यजमान सोव्हिएत संघ, १९७६ चा विजेता अमेरिका, आशिया, आफ्रिका व ओशनिया यांचे विजेते, आणि बाकीचे संघ युरोप व अमेरिका खंडांच्या पात्रता स्पर्धांतून येणारे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ही सारी मांडणी विस्कटली. अमेरिकेने बहिष्कार पुकारला. आशियाचा विजेता चीन गेला नाही. जपान, दक्षिण कोरिया, फिलिपाईन्स, म्हणजे आशियात आपल्यापुढे असणारे एकूण एक संघ घरी बसले. भारत सरकारने बहिष्कारात भाग घेतला नाही, आणि ते पान आपल्याकडे आले.

अजमेर सिंग, परमजीत सिंग, हनुमान सिंग, राधेश्याम असे आपले खेळाडू तेथे गेले. सोव्हिएत संघाने आपल्याला १२१-६५ असे हरविले, ब्राझीलने १३७-६४ असे. सातही सामने आपण हरलो आणि बारा संघांत बारावे आलो.

परंतु वही चाळताना पुढे कित्येक वर्षांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्या ब्राझीलने आपली अशी दाणादाण उडविली, तो ब्राझीलही शेजारचाच होता! अमेरिका खंडातून पात्र ठरलेले कॅनडा आणि अर्जेंटिना आले नाहीत, तेव्हा ब्राझील आणि क्यूबा यांना बदली म्हणून बोलावले गेले. ते अनुक्रमे पाचवे आणि सहावे आले, आणि त्यांना आगंतुक म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. म्हणजे काकांना खुपले होते ते आपले आमंत्रण नव्हे, आपले हरणे होते. हे मी त्यांना सांगावयास हवे होते. पण तोवर ते राहिले नव्हते.

अलीकडे जागतिक स्पर्धेची पात्रता निराळ्या रीतीने ठरते. २०१९ च्या स्पर्धेसाठी जगभरचे ८० संघ नोव्हेंबर २०१७ पासून सव्वा वर्ष घरी आणि परगावी खेळत राहिले आणि यजमान चीन धरून ३२ संघ निवडले गेले. प्रेक्षकांना आपला संघ आपल्या गावात पाहता आला, हे चांगलेच झाले. पण हे सामने ऐन हंगामात येतात आणि धनाढ्य क्लब आपले खेळाडू सोडीत नाहीत. १९५० साली ज्यांना आपण नोकरीतून रजा काढून खेळणारे हौशी म्हणत होतो, त्यांच्या नातवंडांना आता देशासाठी रजा मिळत नाही. २०१७ साली युरोपचे अजिंक्यपद मिळविणारा स्लोव्हेनिया २०१९ च्या जागतिक स्पर्धेला पात्रच ठरला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत आइसलंडला जॉर्जियाविरुद्ध चार गुणांनी जिंकणे भाग होते. सामना ते जिंकले, पण तीन गुणांनी. आणि स्पर्धेला जॉर्जिया गेला. जिंकून हरणे म्हणतात ते हेच. जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया यांच्या गटात भारत सहाही सामने हरला. २०२४ च्या पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये आपला पुरुष संघ पुन्हा दिसलेला नाही.

त्याच पॅरिसला दक्षिण सुदान होता. २०११ साली स्वतंत्र झालेला, यादवीने पोळलेला देश. त्याची मुले निर्वासित म्हणून जगभर पांगलेली. त्या देशाने आफ्रिकेतील सामने जिंकत जिंकत २०२३ ची जागतिक स्पर्धा गाठली, आणि तेथे आफ्रिकी संघांत सर्वांत पुढे राहून ऑलिंपिकचे पान मिळविले. कोणी रुसले म्हणून नव्हे. पहिल्या सामन्याआधी यजमानांनी त्यांच्यासाठी चुकून सुदानचे राष्ट्रगीत लावले. मग खरे गीत लागले, आणि त्यांनी पोर्टो रिकोला ९०-७९ असे हरविले. तो सामना पाहताना मला काकांची फार आठवण झाली.

बास्केटबॉलच्या हिशेबात एक बारीक कलम आहे. जिंकणाऱ्या संघाला दोन गुण मिळतात, हरणाऱ्याला एक. सामन्याला जो येतच नाही, त्याला शून्य. परवा दिवाळीची साफसफाई करताना वही हाती आली. मॉस्कोचे पान काढले. भारतापुढे गुणांचा रकाना तेव्हा मी लाजून कोराच ठेवला होता. पेन्सिल घेतली आणि त्यात सात लिहिले.