मासिकांच्या पानांत वाढलेली विज्ञानकथा

नाशिक येथे डिसेंबर 2021 मध्ये भरलेल्या 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांच्याकडे आले, आणि विज्ञानकथा, म्हणजे ज्या कथेतून वैज्ञानिक कल्पना काढून टाकली तर कथानकच उभे राहत नाही अशी कथा, मराठी साहित्याच्या मुख्य व्यासपीठावर पोहोचली. प्रकृतीच्या कारणामुळे नारळीकर स्वतः उपस्थित राहू शकले नाहीत. तरीही याच शहरात 1942 साली आचार्य अत्रे आणि 2005 साली केशव मेश्राम यांनी भूषविलेल्या पदावर विज्ञानकथाकाराची निवड होणे, ही या प्रकाराला उशिरा मिळालेली मान्यताच होती.

हा प्रवास ग्रंथांपेक्षा नियतकालिकांतून अधिक घडला. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप 'केरळकोकिळ' मासिकात 1900 च्या सुमारास क्रमशः आले, तर श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र कथा 1915 साली 'मनोरंजन' मध्ये प्रसिद्ध झाली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या याच मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला होता, आणि पुढे विज्ञानकथेला हक्काचा वाचकवर्ग मिळवून देण्यात दिवाळी अंकांचा वाटा मोठा राहिला. शतकाच्या मध्यावर भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांपर्यंत नेले, आणि अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत व गूढ कथांच्या शेजारी विज्ञानकथेला जागा दिली. या शेजारामुळे तिला वाचक मिळाले, पण समीक्षक तिच्याकडे दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहत राहिले.

ही दृष्टी बदलण्यास 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने विशेष हातभार लावला. या स्पर्धेसाठी 1974 साली आलेल्या 'कृष्णविवर' या कथेवर नारायण विनायक जगताप असे लेखकाचे नाव होते. हे नाव नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडून घेतले होते, जेणेकरून परीक्षकांनी शास्त्रज्ञाला नव्हे, कथेला गुण द्यावेत. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कृष्णविवर म्हणजे ज्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही असा खगोलीय पदार्थ, ही कल्पना तेव्हा सामान्य मराठी वाचकाला नवखीच होती. पुढे 1979 साली 'यक्षांची देणगी' हा नारळीकरांचा संग्रह निघाला, आणि बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने या प्रकाराला सलग परंपरा लाभली.

या इतिहासाचे प्रदर्शन भरवायचे झाल्यास केवळ पुस्तकांची कपाटे मांडून भागणार नाही. जुन्या मासिकांचे बांधीव खंड, स्पर्धांचे अंक आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे हीच त्याची खरी सामग्री ठरेल. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे, म्हणजे मराठीतील पहिल्या विज्ञानकथेहूनही कित्येक दशके जुने आहे, आणि संमेलनाचे यजमानपद मिरवलेल्या शहराला असे प्रदर्शन शोभूनही दिसेल. त्यासाठी ग्रंथपालांनी जुने दिवाळी अंक रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची अनुक्रमणिका एकदा तरी नजरेखालून घालावी.