जाळे उचलणे आणि जाळे तोडणे

लहानपणी आवडलेली कलाकृती मोठेपणी पुन्हा पाहू नये, गोडी उडते, असे पुष्कळांचे मत आहे. ‘एक अनेक और एकता’ या बोलपटाविषयी आमचा अनुभव उलट आहे. मोठेपणी तो अधिक खोल वाटतो, आणि थोडा बोचतोही.

१९७४ साली फिल्म्स डिव्हिजनतर्फे प्रसिद्ध झालेला, हाताने काढलेल्या चित्रांचा हा जेमतेम सात मिनिटांचा चित्रपट. भाषा हिंदी, पण त्यामागे मराठी मंडळी बरीच. दिग्दर्शिका विजया मुळे १९२१ साली मुंबईत जन्मल्या. संगीत वसंत देसाई यांचे, आणि त्यातील कोवळा कंठ साधना सरगम यांचा. चित्रांत प्राण ओतला तो भीमसैन यांनी.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. रे रोडच्या पश्चिमेस घोडपदेव, लालबाग या गिरणगावातील चाळींत दूरचित्रवाणी संच एखाद्याच बिऱ्हाडी असे, आणि शेजारची मुले त्यापुढे दाटीने बसत. अशा दाटीतच हा चित्रपट एका पिढीच्या तोंडी बसला.

कथा जुनीच आहे. ‘हितोपदेशा’तील चित्रग्रीव कपोताप्रमाणे येथेही पक्षी पारध्याच्या जाळ्यात सापडतात आणि एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात. बालपणी आमची कथा येथेच संपे. मोठेपणी ध्यानात येते की उडाल्यावरही जाळे अंगावरच आहे. ते कुरतडतात उंदीर : जातीने निराळे, आकाराने क्षुद्र, पण दात असलेले. पुढे मुलगा विचारतो की एक झालो तर झाडाचे आंबे तोडता येतील काय; ताई होकार देते, पण युक्ती योजावी लागेल, असेही बजावते. मुलांच्या स्मरणात एकी राहिली, युक्ती निसटली.

याच मुलांच्या वडिलांनी १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. एवढी एकी या शहराने क्वचितच पाहिली असेल. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये एका धंद्यात बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेस होता, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. हा कायदा रद्द व्हावा, हीही संपाची एक मागणी होती. इकडे मालकांपाशी कापडाचे साठे होते, तिकडे भिवंडीचे यंत्रमाग चालू होते. कामगारांनी जाळे उचलले. ते तुटले मात्र नाही. संप रीतसर मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या.

म्हणून एकीचा धडा खोटा ठरला काय? तसे आम्हांस वाटत नाही. पक्षी एकजुटीने उडाले नसते, तर उंदरांपर्यंत पोचलेच नसते. धडा खरा आहे. आपण तो अर्धाच पाठ केला. मूळ कथेतील चित्रग्रीव तर, आधी माझ्या अनुचरांचे पाश तोड, मग माझे, असे उंदरास सांगतो. पुढाऱ्यांनी हेही वाक्य ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

वाचकांनी हा चित्रपट आपल्या मुलांसमवेत अवश्य पाहावा. गाणे ती आपोआप शिकतील. उंदरांकडे बोट मात्र आपणच दाखवावे.